लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर

गोमंतकातील कोणत्याही देवस्थानाचा इतिहास लिहावयास घेतला, म्हणजे प्रथम देवतेचे मूळ स्थान, मग पोर्तुगीज अमदानीतील स्थलांतर, त्यानंतर नव्या देवालयाची उभारणी आणि अखेरीस महाजनांची कुळे व वांगडे, असा क्रम आता ठरूनच गेला आहे. त्यात श्रींच्या दागिन्यांची याद सापडते, पालखीच्या चांदीचे वजन सापडते, सभामंडपाची फरशी कोणी घालून दिली तेही सापडते. पहाटेचा चौघडा कोणी वाजविला आणि आरतीच्या वेळी घुमटावर कोणाची बोटे फिरली, हे मात्र क्वचितच सापडते. १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली वावरणाऱ्या आपल्या संस्थांच्या कोंप्रोमिसांत सेवेकऱ्यांची कर्तव्ये लिहिलेली असतात. परंतु ती बजावणारा माणूस आपल्या कामात किती निष्णात होता, हे लिहून ठेवण्याची सोय कोणत्याही कलमात नाही. लक्ष्मण पर्वतकर, म्हणजेच अवघ्या संगीतसृष्टीला ठाऊक असलेले खाप्रूमामा, हे या सेवेकरी परंपरेतून वर आलेले आणि तरीही नाव मागे ठेवून गेलेले विरळा पुरुष होत. म्हणून त्यांचे चरित्र महाजनांच्या स्मरणिकेत येणे अगत्याचे वाटते.

केपे तालुक्यात पारोडे गावानजीक चंद्रनाथाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर श्रीचंद्रेश्वर भूतनाथाचे प्राचीन देवालय असून त्या परिसरास लोक नुसते पर्वत म्हणतात. या स्थानावरूनच पर्वतकर हे नाव पडले. येथील एका कलावंत घराण्यात १८८० च्या सुमारास लक्ष्मणाचा जन्म झाला. घरातील पुरुष मंडळी सारंगी व तबला वाजविणारी. चुलत्यांच्या मांडीशी बसून त्यांनी दोन्ही वाद्यांचे आरंभीचे धडे घेतले. वेगळे विद्यालय नव्हते आणि त्याची गरजही भासली नाही. घरात दिवसभर कोणी ना कोणी गात असे, कोणी वाजवीत असे. मूल बोलावयास शिकते त्याच वयात ते ठेकाही शिके.

येथे मामा या संबोधनाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण पुढील पिढीस त्याचा उलगडा होईनासा झाला आहे. खाप्रूमामा, वल्लेमामा, सुब्रायमामा अशी कितीतरी नावे आपण ऐकतो. या घराण्यांत गाणे स्त्रियांकडे आणि साथ पुरुषांकडे, अशी वाटणी असे. गाणाऱ्या मुलीच्या मागे सारंगी घेऊन बसणारा बहुधा तिचा मामा असे. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई ज्या समाजातून पुढे आल्या, त्या समाजात असे किती मामा मागच्या रांगेत आयुष्यभर बसून राहिले, याची गणती नाही. गाणारीचे नाव ध्वनिमुद्रिकेवर छापले जाई. मामाचे नाव घरच्या हाकेपुरते उरे.

खाप्रूमामा तबल्याइतकेच घुमटावरही प्रभुत्व असलेले वादक होते, ही गोष्ट आम्हां गोमंतकीयांस विशेष अभिमानाची आहे. घुमट हे दिसावयास मातीचे मडके. त्याच्या रुंद तोंडावर कातडे ताणलेले असते आणि दुसरे अरुंद तोंड उघडे असते. उजव्या हाताने कातड्यावर आघात करावयाचा आणि डाव्या हाताने उघडे तोंड कमी-अधिक झाकून आतील हवा आवळावयाची वा सोडावयाची, एवढीच त्याची सामग्री. परंतु येथे दोन्ही हातांची कामे मुळातच निराळी असतात. एक हात अक्षर काढतो, दुसरा त्या अक्षरास स्वर देतो, आणि दोघांनी एकमेकांची वाट पाहावयाची नसते. भोवती शमेळ आणि कांसाळे घुमत असताना लय डळमळू न देणे, ही लहान मुलाची पहिली परीक्षा. देवळातील सुवारी ज्यांनी ऐकली आहे त्यांस हे समजावून सांगण्याचे कारण नाही. हात एकमेकांपासून स्वतंत्र करण्याची जी विद्या पुढे खाप्रूमामांच्या ठायी पराकोटीस पोहोचली, तिचे बीज घुमटात असावे, असे माझे मत आहे.

दुसरे बीज सारंगीत. सारंगिया गवयाच्या मागोमाग जातो. गवई कोठे वळणार हे त्यास आधी ठाऊक नसते. तरी समेवर दोघांनी एकत्रच यावे लागते. स्वरांमागे कान धावत असताना मनात मात्रा चालू ठेवण्याची सवय त्यास आपोआप जडते. उलट केवळ तबला शिकलेला पुष्कळदा हाताच्या तयारीत रमतो आणि गाणे चालू असताना गाण्याकडेच त्याचे लक्ष नसते. मामांनी दोन्ही बाजूंस बसून पाहिले होते.

त्यांच्या विद्येचे मर्म समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. सुज्ञ वाचकांनी कंटाळू नये. ठेका बरोबरीच्या लयीत वाजविणे ही पहिली पायरी. मग दुगुन, तिगुन, चौगुन. येथपर्यंत कोणीही मेहनती विद्यार्थी पोहोचतो. खरी चढण पुढे लागते. दोन मात्रांच्या अवकाशात तीन बसविणे ही आड, म्हणजे दिडी लय. चारांत पाच बसविणे ही सवाई. चारांत सात बसविणे ही पावणेदुप्पट. जुन्या मराठी शाळांतून पंतोजी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत असत, त्यातलीच ही मंडळी. फरक इतकाच की तेथे उत्तर तोंडाने द्यावयाचे असे आणि येथे ते वेळेत द्यावयाचे, क्षणभरही मागे-पुढे न होता. वेगळे काही करावे लागते ते एवढेच, की मूळ मात्रा मनात ढळू द्यावयाची नाही. हाताने टाळी व खाली दाखवीत राहून तोंडाने बोल म्हणावयाचे, याला पढंत म्हणतात. तबल्यास हात लावण्यापूर्वी ही पढंत पक्की झाली पाहिजे. ज्याची पढंत कच्ची, त्याचा हात कितीही गोड असला तरी अवघड लयीत तो घसरतोच. आजही जो कोणी तबला शिकू इच्छितो त्याने आधी गती वाढविण्याच्या मागे न लागता विलंबित लयीतील ठेका घड्याळासारखा धरून ठेवावा. मामांच्या वाटेने जावयाचे तर दुसरा आरंभ नाही.

मामांनी याच्याही पलीकडे मजल मारली. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायांनी आणखी निराळे आणि मुखाने त्याहून वेगळा, असे अनेक ताल एकसमयावच्छेदेकरून चालवून ते सर्वांना समेवर एकत्र आणीत. ऐकणाऱ्यास हा चमत्कार वाटे. परंतु चमत्कार म्हणून सोडून दिल्याने त्यातील श्रम दिसत नाहीत. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन थोडा हिशेब मांडून पाहिला. धमाराच्या मात्रा १४ आणि त्रितालाच्या १६. मात्रा सारखी ठेवून दोन्ही ताल एकाच क्षणी सुरू केले, तर त्यांची सम पुन्हा ११२ मात्रांनी जुळते. तोवर धमाराची ८ आणि त्रितालाची ७ आवर्तने होतात. त्यांत १० मात्रांचा झपताल मिळविला की गाठ ५६० मात्रांवर पडते. १२ मात्रांचा चौतालही घेतला तर १६८० मात्रांवर. त्यांत १५ मात्रांची सवारी घातली तरी आकडा वाढत नाही, कारण १५ ने १६८० ला निःशेष भाग जातो. दर सेकंदास एक मात्रा धरली तर पाचही तालांची सम पुन्हा एकत्र येण्यास २८ मिनिटे लागतील. इतका वेळ पाच निरनिराळी मापे मनात वेगवेगळी चालू ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

याहून कठीण प्रकार आहे तो आवर्तनाचा काळ सारखा ठेवून मात्रा लहान-मोठी करण्याचा. त्रितालाच्या एका आवर्तनात धमाराचे एक आवर्तन पूर्ण बसवावयाचे, म्हणजे १६ मात्रांच्या अवकाशात १४ मात्रा समान अंतराने पेरावयाच्या. धमाराची प्रत्येक मात्रा त्रितालाच्या मात्रेच्या आठ-सप्तमांश होते. आता गंमत अशी की त्रितालाची खाली नवव्या मात्रेवर आणि धमाराची आठव्या मात्रेवर असते, आणि या हिशेबात त्या दोन्ही बरोबर एकाच क्षणी येतात. मध्यावर एकदा हात भेटतात आणि मग समेवर. मधल्या सहा-सहा मात्रांत मात्र एकही मात्रा दुसऱ्या तालाच्या मात्रेवर पडत नाही. ज्यांना हे खोटे वाटेल त्यांनी उजव्या हाताने आठ आणि डाव्या हाताने तेवढ्याच वेळात सात टाळ्या टेबलावर वाजवून पाहाव्यात. मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या आवर्तनातच डावा हात उजव्याच्या मागे निमूटपणे चालू लागतो.

हे संगीत की नुसते गणित, असा आक्षेप अशा विद्येवर नेहमीच घेतला जातो आणि तो अगदी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. मैफलीत रसिक रस घ्यावयास येतो, हिशेब तपासावयास येत नाही. लयीची कसरत करून गाणाऱ्याची पंचाईत करणारे साथीदार आपण सर्वांनी पाहिले आहेत. परंतु जयपूर-अत्रौली गायकीसारख्या, लयीच्या अंगाने बढत करणाऱ्या गायकीला ठेका धरणारा माणूस आतून पक्का नसेल तर गाणेच उभे राहत नाही, हेही तितकेच खरे. विद्या अंगात शंभर टक्के असावी आणि बैठकीत तिच्यातील दहा टक्केच दिसावी, असा आपल्या जुन्या बुजुर्गांचा दंडक होता. त्या गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांच्यासारख्यांनी मामांचा गौरव केला तो या अंगच्या विद्येसाठी. लयभास्कर, लयब्रह्मभास्कर या उपाध्या त्यांच्या नावास जोडल्या गेल्या आणि शेवटपर्यंत टिकल्या. दिल्ली, लखनौ वा फर्रुखाबाद या घराण्यांचा शिक्का पाठीशी नसलेल्या, डोंगरावरील देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या माणसास ही मान्यता मिळाली, हे लक्षात घेतले पाहिजे.

१९५३ साली मामा निवर्तले. गोवा तेव्हा परकीय सत्तेखालीच होता; मुक्तीस अद्याप आठ वर्षांचा अवकाश होता.

त्यांची विद्या मात्र सर्वस्वी त्यांच्याबरोबर गेली नाही. नागेशीचे पंढरीनाथ नागेशकर (१९१३–२००८) यांनी वल्लेमामा, सुब्रायमामा अंकोलेकर यांच्याप्रमाणे खाप्रूमामांकडूनही मार्गदर्शन घेतले. पुढे मुंबईत उस्ताद अमीर हुसेनखाँ यांच्याकडे दीर्घ तालीम घेऊन ते स्वतः मोठे गुरू झाले. त्यांचे शिष्य सुरेश तळवलकर आज तालविद्येतील मान्यवर आचार्य म्हणून ओळखले जातात. घुमटापाशी सुरू झालेली वाट अशी देशोदेशीच्या रंगमंचांपर्यंत गेली.

घुमटाचेही दिवस मध्यंतरी कठीण आले होते. त्यावर परंपरेने घोरपडीचे कातडे लागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते वापरणे गुन्हा ठरले. आता शेळीचे कातडे लावतात. नादात फरक पडतो, अशी जुन्या वादकांची तक्रार असते, पण वाद्य जगले. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली आणि चतुर्थीच्या दिवसांत घुमट-आरतीच्या स्पर्धांना तरुण मुले-मुली हौसेने उतरतात. दुसऱ्या बाजूस काही देवालयांतून नगारा व घंटा वाजविणारे विजेचे यंत्र आले आहे. कळ दाबली की ते चालू होते, त्याला वेतन नको, सोयर-सुतक नाही. महाजनांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. सेवेस माणूस मिळत नाही हे खरे आहे. परंतु यंत्रापाशी बसून कोणत्याही मुलाला लय शिकता येणार नाही, हेही बैठकीत यंत्राच्या खर्चास मंजुरी देताना इतिवृत्तात नोंदवावे.

आणि एक कार्यालयीन स्वरूपाची सूचना. पुढील स्मरणिका निघेल तेव्हा महाजनांच्या व देणगीदारांच्या याद्यांनंतर दोन पाने राखून ठेवावीत. देवस्थानच्या वह्यांत, घराघरांतील वृद्धांच्या आठवणीत जे जे वाजंत्री, शमेळकार, घुमटकार, सारंगिये सापडतील, त्यांची नावे सेवेच्या वर्षांसह त्या पानांवर छापावीत. काम फार मोठे नाही. सांगू शकणारी मंडळी अजून आहेत, पण त्यांची वये झाली आहेत; तेव्हा नोंदी याच चतुर्मासात सुरू व्हाव्यात.