डॉ. पांडुरंग खानखोजे आणि गव्हाचे बी

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे आपल्या विदर्भातले. त्यांचा जन्म वर्धा येथे झाला. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. लहानपणापासून त्यांच्या मनात एकच होते, इंग्रजांना घालवायचे. म्हणून तरुणपणीच ते घर सोडून जपानला गेले आणि तिथून अमेरिकेला. अमेरिकेत ते लष्करी शिक्षण शिकले आणि शेतीही शिकले. क्रांतिकारकाला शेती कशाला पाहिजे, असे मला वाटले होते. पण त्यांना पक्के ठाऊक होते की आपला देश शेतकऱ्यांचा आहे.

१९१३ साली अमेरिकेत गदर पक्ष निघाला. त्यात ते होते. पहिल्या महायुद्धात ते इराणपर्यंत गेले आणि इंग्रजांशी लढले. इंग्रज त्यांना घरी येऊ देत नव्हते. मग ते १९२४ साली मेक्सिको देशात गेले. हा देश अमेरिकेच्या खाली आहे, नकाशात बघा.

तिथे चापिंगो गावी शेतीची मोठी शाळा होती. खानखोजे तिथे गुरुजी झाले. मेक्सिकोत कुठे उंच डोंगर अन् कडाक्याची थंडी, तर कुठे कोरडे रान. एकच बी सगळीकडे कसे येईल? म्हणून त्यांनी मका आणि गव्हावर लय प्रयोग केले. थंडी सोसणारे, कमी पाण्यात तगणारे बी शोधले. गरीब शेतकऱ्यांसाठी फुकट शेतीशाळा काढल्या. डिएगो रिव्हेरा नावाच्या मोठ्या चित्रकाराने भिंतीवर चित्र काढले. त्यात खानखोजे लोकांना भाकरी वाटत आहेत. आपल्याकडे भिंतीवर देवाचे नाहीतर पुढाऱ्याचे चित्र असते, तिथे शेतीच्या गुरुजींचे आहे!

मेक्सिकोत थंडी जास्त, म्हणून तिथे थंडी सोसणारे बी लागले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उलटे आहे. गव्हाला थंडी पाहिजे आणि तीच कमी पडते. सोयाबीन निघाल्यावर आपण विहिरीच्या पाण्यावर गहू पेरतो. थंडी चांगली पडली तर फुटवे जास्त येतात. ओंबीत दाणा भरताना २५ अंशांच्या आसपास गारवा लागतो. पण फेब्रुवारीतच ऊन तापले की गहू घाई करतो. दाणा भरायला दिवस कमी मिळतात, आणि झाड लवकर पिवळे पडून वाळते. मग दाणा बारीक, चिमलेला राहतो. आमच्या वावरात असे झाले होते. वरून ओंब्या छान दिसत होत्या. मायने गहू पाखडला तेव्हा बारीक दाणे सुपातून उडून गेले. बाबा त्या दिवशी जेवताना काहीच बोलले नाहीत. शास्त्रज्ञांनी हिशेब केला आहे की सगळ्या जगात एक अंश उष्णता वाढली तर गव्हाच्या शंभर पोत्यांमागे साधारण सहा पोती कमी होतात. मार्च २०२२ मध्ये उत्तर भारतातही गव्हाला ऊन लागले. त्या मे महिन्यात सरकारने गहू परदेशी पाठवणे बंद केले.

खानखोजे स्वातंत्र्यानंतर भारतात परत आले आणि नागपूरला राहिले. जानेवारी १९६७ मध्ये ते वारले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ साली, भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बी आणले होते. ते बी खानखोजेंचे नव्हते, नॉर्मन बोरलॉग यांनी तयार केलेले होते. पण ज्या देशात आपला माणूस गव्हावर खपला, तिथूनच आपल्याला गहू आला. चापिंगोला २०२२ साली खानखोजेंचा पुतळा बसवला.

आता आपल्याला उन्हाचे बी पाहिजे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने उशिरा पेरायला एकेएडब्ल्यू ४६२७ नावाचा गहू काढला आहे. उशिरा पेरलेल्या गव्हाला दाणा भरताना ऊन लागतेच, म्हणून असे वाण लागते. लवकर पेरता आला तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा. बाबांनी घरातल्या कॅलेंडरवर त्या पंधरा दिवसांना पेनने गोल केला आहे.