पाण्याला दार बंद करणारे विल्सडॉर्फ

चिखलदऱ्याच्या पावसात माझ्या फोनमध्ये पाणी शिरलं आणि रोलेक्सवाले हान्स विल्सडॉर्फ आठवले. जन्म 1881, जर्मनी. बाराव्या वर्षीच आई-वडील गेले. घड्याळात पाणी चावीच्या फटीतूनही शिरतं, म्हणून 1926 च्या ‘ऑयस्टर’मध्ये त्यांनी चावीला बाटलीच्या झाकणासारखे आटे दिले. 1927 मध्ये इंग्लिश खाडीत उतरलेल्या मर्सिडीज ग्लाइट्झच्या गळ्यात ते घड्याळ होतं. दहा तासांनी थंडीमुळे तिला बाहेर काढावं लागलं, घड्याळ मात्र चालूच! 1953 मध्ये डायव्हर्ससाठी 100 मीटर खोल टिकणारं ‘सबमरिनर’ आलं. 1960 मध्ये विल्सडॉर्फ वारले. आज ही घड्याळं लाखोंना जातात. आपल्यासाठी धडा मात्र फुकट आहे: पावसात निघण्याआधी सिम ट्रेचं रबर तपासा. मी तपासलं नव्हतं.