रक्ताच्या रिपोर्टामागचे सुब्बाराव

नेकनूरच्या आमच्या आत्याला संधिवातासाठी डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटची गोळी दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची, आणि अधूनमधून रक्त तपासायचे. गोळी सांध्यांची, मग तपासणी लिव्हरची कशाला, असे आत्याने विचारले. त्याचे उत्तर शोधताना मला येल्लाप्रगडा सुब्बाराव भेटले.

आंध्रातल्या भीमावरमला १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. मद्रास मेडिकल कॉलेजात असताना त्यांनी खादी अंगावर घेतली. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते खपले नाही, आणि सुब्बारावांच्या हाती एम.बी.बी.एस.ऐवजी दुय्यम एल.एम.एस. पडली. पुढे बॉस्टनला शिकताना पोटासाठी त्यांनी इस्पितळात रात्रपाळीला रोग्यांची भांडी साफ केली. इकडे मुलगा झाला आणि तान्हेपणीच गेला. बापाने त्याचे तोंडही पाहिले नाही. पत्नी शेषगिरी वाट पाहत राहिल्या. सुब्बाराव परत आलेच नाहीत. त्यांच्या कामाचे कितीही कौतुक वाटले तरी ही गोष्ट मला टोचते.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. निळा रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. रक्ताच्या प्रयोगशाळांत ती कित्येक वर्षे चालली. याच मोजमापातून १९२७ साली स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन सापडले आणि १९२९ साली एटीपी. स्नायूला झटकन जोर करायचा तर ही शिदोरी लागते. त्या शिदोरीची देवघेव करणारे एन्झाइम म्हणजे आजच्या रिपोर्टातले सीपीके. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते.

एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचे, पण एसजीओटी लिव्हरमध्येही असते आणि स्नायूतही. म्हणून आपल्या भागातला माणूस उसाच्या फडात दिवसभर कोयता चालवून, मोळ्या वाहून आला आणि एसजीओटी वाढलेले निघाले, तर लगेच लिव्हरवर खापर फोडू नये. सोबत सीपीकेही चढलेले असेल, तर डॉक्टरांची नजर आधी स्नायूंकडे वळते.

हार्वर्डने कायमची जागा दिली नाही, तेव्हा १९४० साली सुब्बाराव लेडर्ले कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड तयार केले आणि मग त्याच्याच रूपाचे, पण त्याचे काम अडवणारे अमिनोप्टेरिन. रक्ताच्या कर्करोगाने खंगलेल्या मुलांना सिडनी फार्बर यांनी ते दिले, आणि काही मुलांचा आजार काही महिने का होईना मागे हटला. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. पेशींच्या वाढीला ते लगाम घालते, पण लिव्हरलाही दुखवू शकते; रक्त तपासायचे ते यासाठी. हत्तीरोगावरची डीईसीची गोळीही याच प्रयोगशाळेतली.

८ ऑगस्ट १९४८ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये झोपेतच ते गेले. वय अवघे ५३. जन्मशताब्दीला, १९९५ साली, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.