बेत्तिनो रिकासोली
बेत्तिनो रिकासोली (९ मार्च, इ.स. १८०९:फ्लोरेन्स, तोस्काना – २३ ऑक्टोबर, इ.स. १८८०:ब्रोलिओ) हे इटलीतील राजकारणी, जमीनदार व कृषिसुधारक होते. काव्हूर यांच्या निधनानंतर ते एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले. कठोर शिस्त आणि सचोटी यांमुळे ते ‘लोहबॅरन’ या नावाने ओळखले जात. फ्लोरेन्स व सियेना यांच्या दरम्यानच्या कियांती या डोंगराळ प्रदेशातील वाइनला सांजोव्हेसे या स्थानिक द्राक्षाच्या आधारे निश्चित रूप देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

प्रारंभिक जीवन

रिकासोली हे तोस्कानातील एक जुने सरदार घराणे होय. कियांतीतील गायोले गावाजवळचा ब्रोलिओ किल्ला व भोवतालची जमीन इ.स. ११४१ पासून या घराण्याशी निगडित आहे. बेत्तिनो यांचे आईवडील लवकर वारले. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांच्या वाट्याला कर्जात बुडालेली मालमत्ता आणि धाकट्या भावांची जबाबदारी आली. तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने खास हुकूम काढून त्यांना सज्ञान ठरवले व घराचा कारभार त्यांच्या हाती दिला. त्यामुळे त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले. इ.स. १८३० मध्ये त्यांचा विवाह आन्ना बोनाकोर्सी यांच्याशी झाला. या दांपत्यास एक कन्या होती.

ब्रोलिओ येथील शेती

त्या काळी तोस्कानातील बहुतेक जमीनदार शहरात राहत आणि जमीन अर्धेलीने लावत. कसणाऱ्या कुटुंबाला उत्पन्नाचा निम्मा वाटा मिळे. रिकासोली मात्र पत्नी व कन्येसह ब्रोलिओ येथे राहावयास गेले. नृत्यसमारंभात पत्नीशी लगट करणाऱ्या तरुणाचा राग येऊन त्यांनी त्याच रात्री शहर सोडले, अशी आख्यायिका सांगितली जाते. तथापि, कर्जफेडीसाठी जमिनीवर स्वतः देखरेख ठेवणे त्यांना आवश्यकच होते. काटकसर व कडक नियम यांच्या बळावर त्यांनी मालमत्ता ऋणमुक्त केली. कुळांच्या शेतकामाबरोबरच त्यांच्या धर्माचरणावर व शिक्षणावरही त्यांचा कटाक्ष असे. अर्धेलीची पद्धत नष्ट करावी, असे मात्र त्यांचे मत नव्हते. जमीनदाराने आपले कर्तव्य पाळल्यास ती समाजाला स्थैर्य देते, अशी त्यांची धारणा होती.

कियांतीची वाइन व सांजोव्हेसे

कियांतीत काळ्या व पांढऱ्या द्राक्षांच्या अनेक जाती एकत्र आंबवून वाइन करण्याची प्रथा होती. मिश्रणाचे प्रमाण मळ्यागणिक बदलत असल्याने वाइनचा दर्जा अनिश्चित असे आणि ती दूरच्या प्रवासात टिकत नसे. फ्रेंच वाइनला परदेशात मिळणारा भाव पाहता हा दोष रिकासोली यांना खटकला. त्यांनी फ्रान्समधील द्राक्षमळ्यांची पाहणी केली आणि ब्रोलिओच्या तळघरांत अनेक वर्षे निरनिराळ्या जातींवर प्रयोग केले.

या प्रयोगांचा निष्कर्ष त्यांनी इ.स. १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्राने कळवला. त्यानुसार वाइनला गंध व जोम देणारे मुख्य द्राक्ष सांजोव्हेसे हे होय; तेथे त्यास सांजोव्हेतो असेही म्हणत. हे द्राक्ष उशिरा पिकते. त्याची नवी वाइन आंबट व तुरट लागते. तिचा कठोरपणा कमी करण्यासाठी कानायोलो या दुसऱ्या काळ्या द्राक्षाची जोड द्यावी. माल्वासिया या पांढऱ्या द्राक्षाने वाइन हलकी होते, म्हणून रोजच्या जेवणाबरोबर ताजी पिण्याच्या वाइनमध्ये ते चालते. मुरवण्यासाठी ठेवायच्या वाइनमध्ये ते वगळता येते. हेच पुढे ‘रिकासोली सूत्र’ म्हणून प्रसिद्ध झाले.

राजकीय कारकीर्द

इ.स. १८४७ मध्ये रिकासोली यांनी ‘ला पात्रिया’ हे वृत्तपत्र सुरू करण्यात पुढाकार घेतला. पुढे ते फ्लोरेन्सचे नगरप्रमुख झाले. परंतु ग्रँड ड्यूकचे धोरण उदारमतवादाच्या विरोधात जात असल्याचे पाहून त्यांनी पद सोडले. २७ एप्रिल, इ.स. १८५९ रोजी ग्रँड ड्यूकने तोस्काना सोडल्यानंतर ते तेथील गृहमंत्री व सरकारचे प्रमुख झाले. जुलैमध्ये व्हिलाफ्रांका येथे फ्रान्स व ऑस्ट्रिया यांच्यात तह होऊन ग्रँड ड्यूकला पुन्हा गादीवर बसवण्याचे ठरले. रिकासोली यांनी हे मान्य केले नाही. मार्च १८६० मधील जनमतचाचणीत ३ लाख ६६ हजारांहून अधिक मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली आणि तोस्काना सार्डिनियाच्या राज्यात सामील झाले.

काव्हूर यांच्या मृत्यूनंतर जून १८६१ मध्ये ते पंतप्रधान झाले. गारिबाल्डी यांच्या स्वयंसेवकांना नियमित सैन्यात सामावून घेण्याचे काम त्यांच्या सरकारने केले. पोपशी समेट करण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला. मार्च १८६२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. जून १८६६ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले, तेव्हा इटली व ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध पेटले होते. प्रशियाची साथ सोडल्यास व्हेनेशिया मिळवून देण्याचा तिसऱ्या नेपोलियनचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. युद्धानंतर व्हेनेशिया इटलीस मिळाले. चर्चच्या मालमत्तेविषयीच्या त्यांच्या योजनेला संसदेने विरोध केल्याने एप्रिल १८६७ मध्ये त्यांनी पद सोडले. त्यानंतर ते संसदेत क्वचितच बोलले. त्यांचे निधन ब्रोलिओ येथे झाले.

वारसा

रिकासोली यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या सूत्राचा आधार घेतला गेला, पण त्यातील महत्त्वाचा भेद मागे पडला. इ.स. १९६७ च्या नियमांनी कियांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे बंधनकारक केली. त्यांत माल्वासियाबरोबरच भरघोस पीक देणारे, पण सौम्य चवीचे त्रेब्यानो हे द्राक्षही होते. ताज्या वाइनपुरती दिलेली मुभा अशा रीतीने मुरवण्याच्या वाइनलाही लागू असलेली सक्ती ठरली. कियांतीची प्रतिष्ठा घसरली आणि काही उत्पादकांनी ‘कियांती’ हे नाव सोडून नियमांबाहेरची वाइन करणे पसंत केले. पुढे नियम टप्प्याटप्प्याने बदलले. कियांती क्लासिको या मूळ क्षेत्रात आता किमान ८० टक्के सांजोव्हेसे आवश्यक असून इ.स. २००६ च्या हंगामापासून तेथे पांढऱ्या द्राक्षांना मनाई आहे. मुरवण्याच्या वाइनबाबत रिकासोली यांनी जे सुचवले होते, त्याच्याशी हा नियम जुळतो.