चार्ल्स व्हीटस्टन

चार्ल्स व्हीटस्टन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहराजवळ झाला. त्यांच्या घरी वाद्यांचा व्यवसाय होता. लहान वयातच ते लंडनला काकांच्या दुकानात वाद्ये बनवण्याचे काम शिकू लागले. ते विद्यापीठात शिकले नाहीत. पण वाचनाची आणि प्रयोगांची त्यांना फार आवड होती. १८३४ साली ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले.

व्हीटस्टन अतिशय लाजाळू होते. सभेत बोलायचे म्हटले, की ते घाबरत. त्यामुळे त्यांच्या शोधांवर त्यांचे मित्र मायकेल फॅरडे व्याख्याने देत.

दोन डोळ्यांनी एकच वस्तू कशी दिसते, याचा विचार इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकातच केला होता. व्हीटस्टन त्यापुढे गेले. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते. म्हणून जवळची वस्तू प्रत्येक डोळ्याला थोडी वेगळी दिसते. या फरकामुळेच खोली कळते का, असा प्रश्न त्यांना पडला.

त्यांनी दोन आरसे काटकोनात जोडले. दोन्ही बाजूंना एकाच वस्तूची दोन चित्रे ठेवली. एक डाव्या डोळ्याला दिसते तसे होते, दुसरे उजव्या डोळ्याला दिसते तसे. आरशांत पाहताच दोन सपाट चित्रांची मिळून एक भरीव वस्तू दिसू लागली! ही चित्रे त्यांनी मुद्दाम साध्या रेघांनी काढली होती. त्यांत रंग किंवा छाया असती, तर खोली त्यांमुळेच दिसते, असे कोणीही म्हटले असते. चित्रांची अदलाबदल केल्यावर जवळचा भाग दूर आणि दूरचा भाग जवळ दिसू लागला.

१८३८ साली हा शोध रॉयल सोसायटीपुढे मांडला गेला. या उपकरणाला त्यांनी स्टिरिओस्कोप असे नाव दिले. १८४० साली त्यांना सोसायटीचे पदक मिळाले.

पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप तयार केला. १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनानंतर तो पुष्कळ खपला. मग मूळ कल्पना व्हीटस्टन यांची नव्हेच, असे ब्रूस्टर म्हणू लागले. १८५६ साली वर्तमानपत्रांतून वाद झाला. सभेत न बोलणाऱ्या व्हीटस्टन यांनी लेखणीने उत्तर दिले. १८३८ चा निबंध त्यांचा साक्षीदार होता. आज या शोधाचा मान त्यांनाच दिला जातो.

१९ ऑक्टोबर १८७५ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. व्हीटस्टन यांचा शोध तुम्हांला लगेच पटेल.