नवं गीत, आपल्या सुरात : रेव्हरंड ना. वा. टिळक

आजचं वाचन : स्तोत्रसंहिता ९६, कलस्सैकरांस पत्र ३:१२-१७



आजच्या स्तोत्रात देवासाठी नवं गीत गायला सांगितलंय. आणि लगेच पुढे, देवाने केलेलं तारण लोकांमध्ये जाऊन रोज सांगत राहा, असंही म्हटलंय. म्हणजे हे गीत चर्चच्या बाकांवर बसून संपत नाही. ते बाहेर, लोकांच्या कानापर्यंत जायला हवं. मग नवं म्हणजे नक्की काय? नवी चाल? यूट्यूबवर परवा आलेलं वर्शिप साँग?

या आठवड्यात हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. शनिवार-रविवारी आमच्या मंडळीतले आम्ही वीसेक जण एरंडोलला रिट्रीटला गेलो होतो. कार्यक्रम साधा होता : गाणं, वचन, प्रार्थना आणि परत गाणं. सकाळी चार आवाजांत क्वायरचा सराव. रात्री सतरंजीवर बसून पेटी, ढोलकी आणि झांजांवर भजनं. आमच्यातली एक मुलगी पुण्यात वाढलेली. शनिवारी रात्री ती मोकळेपणाने म्हणाली की ही भजनं तिला आजीची वाटतात, तिची स्वतःची नाही वाटत. कुणी हसलं, कुणी रागावलं. मला मात्र ती खरं बोलली असं वाटलं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तसंच वाटतं. म्हणून आज त्या माणसाबद्दल लिहितोय, ज्याच्या रचना त्या रात्री आम्ही एकामागून एक गात होतो आणि ज्याचं फक्त नाव आपल्याला माहीत असतं.

नारायण वामन टिळक. शाळेत आपण त्यांना वेगळ्याच ओळखीने भेटतो : फुलामुलांचे कवी, जखमी पक्षिणीच्या कवितेचे कवी. त्यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. आई लहानपणीच गेली. पोरगं घर सोडून नाशिकला पोचलं, संस्कृत शिकलं, इंग्रजीही थोडंफार शिकलं. १८८० मध्ये लग्न झालं. बायको जेमतेम अकरा-बारा वर्षांची, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची. याच आपल्या लक्ष्मीबाई, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या.

टिळक एका जागी टिकणारे नव्हते. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तन, परवा कुठे छापखान्यात. खिशात पैसा राहायचा नाही, जो मागेल त्याला देऊन मोकळे. घरात न सांगता निघून जायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर दर वर्षी जॉब बदलणारा माणूस. पण त्या भटकण्याच्या तळाशी एक शोध होता. देशाला एक करणारा, जातीच्या भिंती पाडणारा धर्म कुठे सापडेल, हा.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला नव्या नोकरीसाठी रेल्वेने निघाले. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. कवितेवर बोलणं सुरू झालं आणि देवावर येऊन पोचलं. उतरण्याआधी त्या माणसाने त्यांना बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत करून टाकलं. टिळकांना ते पटलं नाही, पण पुस्तक वाचायचं कबूल केलं. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले (मत्तय ५ ते ७) आणि तिथून पुढे त्यांना ते पुस्तक खाली ठेवता येईना. शोधत होते ते त्यांना तिथे सापडलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढचा भाग आपण साक्ष सांगताना सहसा घाईने उरकतो. मला तिथे थोडं थांबायचंय. बाप्तिस्म्यानंतर त्यांचं घर फुटलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. नातलगांच्या दृष्टीने टिळक मेल्यातच जमा होते. नवरा-बायको जवळजवळ पाच वर्षं वेगळे राहिले. टिळक पत्रं लिहीत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या, पण आपलं सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातीचा तो ताठा लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून सोडला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. कलस्सैच्या पत्रात पौल गाण्याआधी सहनशीलता, क्षमा आणि प्रीती यांची यादी देतो. आजवर मी ती यादी भरभर वाचून गाण्याच्या वचनावर यायचो. टिळकांचं घर डोळ्यांसमोर ठेवलं की कळतं, ही यादी आधी का येते.

आता गाण्याकडे येऊ. टिळक नगरला आले तेव्हा मराठी मंडळ्यांत गाणं भरपूर होतं. नगरच्याच कृष्णाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाटही आधी पाडली होती. पण उपासनेत परदेशी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा मोठा होता. अडचण श्रद्धेची नव्हती, कानाची होती. इंग्रजी गीताची ओळ आघातावर चालते, मराठीची ओळ ऱ्हस्व-दीर्घावर. दुसऱ्या भाषेच्या चालीत मराठी शब्द कोंबला की भलताच स्वर लांबतो आणि गाणाऱ्याला आपलाच शब्द परका वाटतो. ॲपचे मेनू नुसते भाषांतर करून मराठीत टाकले की कसे वाचवत नाहीत, तसंच.

टिळकांनी भाषांतर सुधारत बसण्याऐवजी मुळातूनच मराठीत लिहिलं. अभंग, ओव्या, पदं, आर्या, कीर्तनाची आख्यानं. अभंगाची रचना बघा. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा फक्त चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. त्यामुळे न वाचता येणाऱ्या माणसालाही दोनदा ऐकून तो तोंडपाठ होतो. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. शेतावरच्या बाईला यासाठी ना नोटेशन लागत, ना पुस्तक. त्यांनी शेकडो रचना केल्या आणि आज 'उपासना संगीत' उघडलं तर त्यांचं नाव पानोपानी भेटतं.

अभंग ते कुणाकडून शिकले? तुकारामांकडून. ख्रिस्ती झाल्यावर ज्ञानेश्वर-तुकाराम टाकून द्यायचे, असं त्यांना कधी वाटलं नाही. उलट तुकाराम हा आपल्याला येशूपर्यंत पोचवणारा पूल होता, असं ते मानत. ज्या पुलावरून आलो तो जाळायचा नाही. मला या एका गोष्टीत त्यांचं सगळं आयुष्य दिसतं. त्यांनी आपली भाषा, आपले संत, आपला ताल, सगळं उचलून प्रभूच्या पायाशी नेलं. अर्धा नारायण बाहेर ठेवून अर्धाच आत गेला, असं झालं नाही.

एरंडोलला बसून टिळकांची आठवण काढायला आणखी एक कारण आहे. इथून जवळच धरणगाव आहे, त्या काळी एरंडोल तालुक्यातलंच. तिथे १८९० साली त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. टिळक तिथे होते. या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' हे नाव दिलं. पुढे टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरात ठेवून घेतलं. तो त्या घरातला मुलगाच झाला. आणि हे लक्षात ठेवा : बालकवी कधी ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांच्या मायेला तशी अट नव्हती. ५ मे १९१८ ला जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. टिळकांना त्यानंतर जेमतेम एक वर्ष मिळालं.

टिळकांचं स्वतःचं शेवटचं वळण तर आपल्या रिट्रीटवाल्या पिढीने नीट बघावं असं आहे. १९०४ पासून ते दीक्षित पाळक होते, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक. नाव होतं, मिशनचा पगार होता. वय पंचावन्नच्या पुढे. अशा वेळी, १९१७ मध्ये, त्यांनी पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूवर प्रेम करणारे सगळे तिथे भाऊ-भाऊ. प्रमुख येशू, बाकी कुणी नाही. अनेकांना हे झेपलं नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना बरोबरीने कसं बसवायचं, हा प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता आणि आजही नाही. मलाही त्याचं झटपट उत्तर देता येत नाही. पण हा माणूस स्वतःच्या यशावर बसून राहिला नाही, एवढं स्पष्ट दिसतं.

९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला. 'ख्रिस्तायन' हे येशूचरित्राचं महाकाव्य अपुरं राहिलं, सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. जी बाई एकेकाळी नवऱ्याच्या हातचं पाणी पीत नव्हती, तिने नवऱ्याचं अर्धं राहिलेलं गीत पुरं केलं. १९३८ साली ते छापून आलं. स्तोत्रातलं नवं गीत म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मग आजच्या वाचनातून काय घ्यायचं?

पहिलं. गीत नवं होतं ते तारखेमुळे नाही, गाणाऱ्यामुळे. शंभर वर्षांपूर्वीचा अभंग तुमच्या आजच्या दुःखातून निघाला तर तो आज नवा आहे. आणि कालच रिलीज झालेलं गाणं नुसतं ओठांवर असेल तर ते जुनंच. त्यामुळे 'आजीची भजनं' हा टोमणा समजायचं कारण नाही. टिळकांनाही तेच तर वाटलं होतं : ही गीतं माझी वाटत नाहीत. त्यांनी मग स्वतः लेखणी उचलली. तुम्हाला तसं वाटत असेल तर गाणं सोडू नका. तुमच्या भाषेत लिहा. अहिराणीत लिहा, मुंबईच्या लोकलमधल्या मराठीत लिहा.

दुसरं. नूतनीकरण दोन दिवसांच्या गाण्याने सुरू होऊ शकतं, संपत मात्र नाही. सोमवारी स्टँड-अप कॉलवर टीममधल्या ज्या माणसाशी आपलं पटत नाही, त्याच्याशी आपण कसे बोलतो, तिथे कळतं गीत आत किती उतरलं.

तिसरं. टिळकांना प्रत्येक नव्या गीताची किंमत मोजावी लागली. कधी घर, कधी जात, कधी पगार. आपण नवं गीत मागतो तेव्हा तेही मागतो का?

आजसाठी छोटंसं काम : 'उपासना संगीत'मधली टिळकांची एक रचना निवडा. चाल न लावता, आधी नुसती मोठ्याने वाचा, सावकाश. जो शब्द अडवेल तिथे थांबा आणि प्रार्थना करा.

प्रार्थना : प्रभू येशू, तू आम्हाला आमच्या भाषेसकट आणि आमच्या माणसांसकट बोलावलंस, त्याबद्दल तुझे आभार. जे आमच्यापासून दुरावलेत त्यांच्यासाठी आम्हाला वाट बघणारं मन दे. जे तुझं नाव अजून घेत नाहीत त्यांच्यावर विनाअट प्रेम करायला शिकव. आणि आमच्याकडून जे गीत अर्धं राहील ते पुरं करणारी माणसं तूच उभी कर. आमेन.