पाणी पाहून गड निवडणारा राजा

विद्यार्थी मित्रांनो, 'नखलिस्तान' हा शब्द तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचला असेल. वाळवंटात जिथे झरा किंवा विहीर असते, खजुराची झाडे असतात आणि माणसांची वस्ती असते, त्या जागेला नखलिस्तान म्हणतात. मराठीत तिला 'मरूद्यान' म्हणतात. वाळवंटातला काफिला नेहमी जवळच्या वाटेनेच जातो, असे समजू नका. तो पाण्याच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो. थांबण्याची जागा निवडताना चूक झाली, तर ती माणसांच्या आणि उंटांच्या जिवावर बेतते. खलिफा हारून अल-रशीद यांच्या बेगम जुबैदा यांनी हे ओळखले होते. इराकातून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी वाटेवर विहिरी आणि तलाव बांधवले. या गोष्टीला बाराशे वर्षे होऊन गेली, तरी लोक त्यांचे नाव आदराने घेतात.

आपल्या महाराष्ट्रात असे वाळवंट नाही. पण पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या तालुक्यांतले डोंगर तुम्ही एप्रिल-मे महिन्यात पाहिले आहेत का? पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस पडतो. डोंगर हिरवेगार होतात. कड्यांवरून धबधबे कोसळतात. मात्र हे डोंगर काळ्या, टणक दगडाचे आहेत. बरेचसे पाणी उतारावरून वाहून ओढ्यांत आणि नद्यांत जाते. थोडे पाणी खडकाच्या फटींत मुरते आणि कुठे कुठे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. उन्हाळ्यात गवत वाळते, ओढे आटतात आणि डोंगरमाथ्यावर घोटभर पाणी मिळणे कठीण होते. अशा वेळी ज्या माथ्यावर पाणी टिकते, तो माथा म्हणजे डोंगरातले नखलिस्तानच!

या डोंगरांत राहून ज्यांनी आपले राज्य उभे केले, त्या शिवाजी महाराजांची ही गोष्ट आहे. त्यांच्या लढायांविषयी तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. आज आपण त्यांचा एक वेगळा गुण पाहू. जागा निवडताना ते उंची आणि तटबंदी पाहत, तसेच पाणीही पाहत.

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्यावर झाला. त्यांचे वडील शहाजीराजे पराक्रमी सरदार होते. आई जिजाबाई करारी आणि दूरदर्शी होत्या. शिवनेरीवर खडकात खोदलेली पाण्याची पुष्कळ टाकी आहेत. त्यांतील 'गंगा-जमुना' ही टाकी प्रसिद्ध आहेत. खडकात चौकोनी खड्डा खोदून पाणी साठवायचे, या सोयीला आपल्याकडे 'टाके' म्हणतात. सह्याद्रीतील ही कला फार जुनी आहे. शिवनेरीच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणीही आहेत.

पुढे बाल शिवाजी आईबरोबर पुण्याला आले. पुण्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला मावळचा डोंगराळ मुलूख आहे. आजचे भोर आणि वेल्हे हे तालुके त्यातच येतात. तिथल्या दऱ्याखोऱ्यांत शिवाजीराजे मावळ्यांबरोबर फिरले. कोणती वाट कुठे जाते, कोणत्या खिंडीतून घोडा जातो आणि कोणत्या माथ्यावर पाणी आहे, हे डोंगरातल्या माणसाला माहीत असावेच लागते. भोर तालुक्यात रायरेश्वराचे उंच पठार आहे. तिथल्या शिवमंदिरात १६४५ मध्ये शिवाजीराजांनी सोबत्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, असे परंपरेने सांगतात. या पठारावर गोमुखातून पडणारे पाणी आहे. म्हणूनच इतक्या उंचावर आजही घरे आणि शेती दिसते.

१६४६ च्या सुमारास शिवाजीराजांनी वेल्हे भागातील तोरणा किल्ला घेतला. तो समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच आहे. त्याचा विस्तार पाहून त्याला 'प्रचंडगड' असे नाव मिळाले. तिथेही पाण्याची टाकी आहेत. गडाची दुरुस्ती चालू असताना तिथे धन सापडले, असे सांगितले जाते.

आता तुम्हीच विचार करा. हाती आलेला एवढा उंच, बळकट किल्ला असताना राजांनी तिथेच राजधानी का केली नाही? राजधानीला नुसती उंची पुरत नाही. तिथे सदर लागते, कचेऱ्या लागतात, धान्याची कोठारे आणि दारूगोळ्याची कोठी लागते. कारकून, शिपाई, कारागीर आणि त्यांची बायकामुले यांना राहायला सपाट जागा लागते. तोरण्याचा बालेकिल्ला या कामासाठी अपुरा होता.

तोरण्याच्या पूर्वेला मुरुंबदेवाचा डोंगर होता. गुंजवणी, वेळवंडी आणि कानंदी या नद्यांची खोरी त्याच्या आजूबाजूला आहेत. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना तीन लांब माच्या, अशी या डोंगराची रचना आहे. माची म्हणजे मुख्य माथ्याखालची सपाट जागा. राजांनी हा डोंगर निवडला आणि त्यावर किल्ला बांधला. त्याचे नाव राजगड. त्याच्या माच्यांची नावे पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशी आहेत. पद्मावती माची सर्वांत प्रशस्त आहे. तिथे बांधलेला तलाव आजही आहे. बालेकिल्ल्यावर चंद्रकोरीच्या आकाराचे तळे आहे. ते 'चंद्रतळे' म्हणून ओळखले जाते. याशिवाय गडावर ठिकठिकाणी टाकी आहेत. शत्रूने एक माची घेतली, तरी बाकीच्यांना पाण्यावाचून शरण जावे लागू नये, हा अशा रचनेचा मोठा फायदा होता.

टाके खोदण्यात आणखी एक शहाणपण होते. खडक फोडून निघालेला दगड तटासाठी आणि इमारतींसाठी वापरता येई. म्हणजे एकाच कष्टात पाणीही मिळे आणि भिंतही उभी राही.

पाण्याचा हिशेब किती मोठा होता, हे आपण एका उदाहरणाने पाहू. समजा, एका गडावर १००० माणसे आहेत. प्रत्येकाला रोज फक्त १० लिटर पाणी दिले, तरी दिवसाला १०,००० लिटर पाणी लागेल. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचे १२० दिवस धरले, तर १२ लाख लिटर पाणी लागेल! त्यात घोडे, गुरे आणि बांधकाम धरलेलेच नाही. हे पाणी रोज खालून वर आणणे शक्य नव्हते. वेढा पडला, तर खाली उतरण्याची वाटच बंद होई. म्हणून पावसाचे पाणी पावसाळ्यातच साठवणे भाग होते.

राजगड सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याची राजधानी होता. या काळात गडाने सुखदुःखाचे अनेक प्रसंग पाहिले. १६५९ मध्ये महाराजांच्या पत्नी सईबाई यांचे इथे निधन झाले. पायथ्याच्या पाल गावाजवळ त्यांची समाधी आहे. १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांच्याकडे १२ किल्ले उरले. राजगड आणि तोरणा हे त्यांतच होते. १६६६ मध्ये आग्र्याच्या कैदेतून निसटल्यावर महाराज राजगडावरच परत आले. १६७० मध्ये धाकटे पुत्र राजाराम यांचा जन्म याच गडावर झाला.

या राज्याच्या कामात अनेक जातिधर्मांची माणसे होती. नूरखान बेग पायदळाचे सरनोबत होते. काझी हैदर फारसी पत्रव्यवहार पाहत. दौलतखान आरमारात अधिकारी होते. भोर भागातील बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे यांनी १६६० मध्ये घोडखिंडीत शत्रूला अडवून महाराजांचा जीव वाचवला. बाजीप्रभूंनी तिथेच प्राण दिले. ज्याच्या शब्दाखातर माणसे मरायला तयार होतात, त्याने त्या माणसांच्या अन्नपाण्याची काळजी आधी घ्यायला हवी. महाराजांनी ती घेतली होती.

पाणी नसेल, तर मोठ्या फौजेचेही काही चालत नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन घाटावरून कोकणात उतरत होता. उंबरखिंडीच्या अरुंद, झाडीच्या वाटेत महाराजांनी त्याला पुढून आणि मागून अडवले. वारा नाही, हलायला जागा नाही आणि प्यायला पाणी नाही. सैनिक तहानेने व्याकूळ झाले. खानाच्या फौजेत रायबागन नावाची शूर आणि समंजस स्त्री होती. तिने शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो मानला. महाराजांनी खंडणी आणि युद्धसामग्री ठेवून घेतली आणि तहानलेल्या सैनिकांना जिवंत जाऊ दिले. पाण्याची किंमत ओळखणाऱ्या राजाचा हा मोठेपणा होता.

पुढे राजधानी रायगडावर गेली. तिथे गंगासागर, हत्ती तलाव आणि कुशावर्त असे तलाव आहेत. ६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. ३ एप्रिल १६८० रोजी त्याच गडावर त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

महाराजांच्या प्रधानांमध्ये रामचंद्रपंत अमात्य वयाने लहान होते. महाराजांचा कारभार त्यांनी जवळून पाहिला होता. पुढे १७१५ च्या सुमारास त्यांनी 'आज्ञापत्र' नावाचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात गड कसा बांधावा, हे सांगितले आहे. त्यातील पहिली गोष्ट पाण्याची आहे. आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून पुढच्या पावसापर्यंत पुरेल एवढी टाकी तयार करावीत. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झऱ्याचे पाणी कमी होते आणि खर्च मात्र वाढतो. म्हणून काही टाकी राखीव ठेवावीत आणि गडावरचे पाणी जपून वापरावे. या सूचनांवरून दिसते, की त्या काळी गडावरचे पाणी धान्याच्या कोठारासारखे सांभाळले जाई.

मित्रांनो, वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. तुमच्या शाळेची सहल कधी तरी या भागात जाईल. तेव्हा कोणते ठिकाण पाहायचे, हे ठरवताना फोटोत काय छान दिसते एवढेच पाहू नका. वाटेत पाणी कुठे आहे, ते पिण्यासारखे आहे का आणि सर्वांना पुरेल का, हे आधी विचारा. प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली भरून घ्या. गडावर पोहोचल्यावर तट आणि दरवाजे पाहाच, पण टाक्याच्या काठावरही थोडा वेळ उभे राहा. त्याच्या कडेवर छिन्नीच्या खुणा दिसतील. ज्या पाथरवटांनी उन्हात उभे राहून तो खडक फोडला, त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्या कष्टाचे पाणी मात्र आजही तिथे साठते. त्यात हातपाय धुऊ नका आणि कागद किंवा पिशव्या टाकू नका. तुमच्यानंतर येणाऱ्या तहानलेल्या माणसालाही ते पाणी लागणार आहे.